एकमेकांकडे पाहणारे बैल

वर्गात सगळी मुलं डोळे मिटून बसली होती आणि सगळ्यांचे उजवे हात हवेत एकच बैल घडवत होते.

खिडकीतून ढगाळ ऊन आत आलं होतं. पंख्याची घरघर सोडली तर काही ऐकू येत नव्हतं. प्रत्येकाच्या हातात कांद्याच्या सालीसारखा पातळ, राखाडी हातमोजा होता. आधी तळहात थोडा वाकायचा, जणू त्यात मातीचा गोळा ठेवलाय. मग अंगठा आणि तर्जनी जवळ येऊन चिमटा घ्यायची. ते वशिंड. मग पोटाखालून एक बोट फिरायचं, मग पाय एकेक करून ओढून काढले जायचे. सगळे हात एका लयीत चालले होते, पाण्याखालचं शेवाळ हलावं तसे.

"सर," प्रणित डोळे न उघडता म्हणाला, "ह्याची नखं वाढलेली होती काय? माझ्या बोटाला टोचल्यागत होतंय."

"त्यालाच विचार."

"तो बोलत नाही. कामात आहे."

वर्ग हसला, पण कुणी डोळे उघडले नाहीत.

तो म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीचं एक मूल. मुलगा की मुलगी, कुणास ठाऊक. आमच्या वाडीजवळ नदीच्या वळणावर एक पांढर आहे. जुनी वस्ती मोडून तिच्या भिंतींची, चुलींची, राखेची माती होते आणि तिची टेकडी बनते, तिला आमच्याकडे पांढर म्हणतात. तिथे खोदकाम झालं तेव्हा एका जळालेल्या घराच्या कोपऱ्यात तळहाताएवढा मातीचा बैल सापडला. कच्च्या मातीचा बैल पाण्यात विरघळून जातो. हा उरला, कारण त्या आगीत तो भाजून निघाला. घर जळालं म्हणून बैल राहिला, एवढंच मी मुलांना सांगितलं.

मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण इतिहासाचा तास शाळेने माझ्याकडेच ठेवला आहे. पाठ्यपुस्तक मी सगळ्यात शेवटी उघडतो. माझ्याकडे एक लोखंडी ट्रंक आहे. तिच्यात जात्याचा खुंटा आहे, बंद पडलेला रेडिओ आहे, चुन्याच्या डब्या, जुनी एसटीची तिकिटं, एक गोफण आहे. एखादी वस्तू मुलांच्या हातात द्यायची आणि विचारायचं, हे कुणी वापरलं असेल, कशासाठी? मुलं बोलू लागतात. चुकतात, भांडतात, घरी जाऊन आजोबांना विचारून येतात. इतिहास असाच येतो, असं मला वाटतं.

पण माझं सगळ्यात आवडतं साधन ट्रंकेत नव्हतं. ते दरवर्षी बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याला मिळायचं.

आमच्या वाडीत कुंभाराचं घर कधीच नव्हतं. त्यामुळे बेंदराच्या पूजेचे मातीचे बैल ज्याचे त्याने घरी करायचे, अशी पद्धत पडली. आता दावणीला खरे बैल फार थोडे उरले आहेत, ट्रॅक्टरही चालकाविना आपले आपण चालतात, पण मातीची जोडी घरोघर होते. बैल करायचं काम बायकांचं, आणि प्रत्येक बाई ते माहेरी शिकलेली असते. कुणाच्या बैलाचं वशिंड टोकदार, कुणाचं बसकं. कुणी शेपूट पाठीवर चिकटवते, कुणी लोंबती ठेवते. बेंदराच्या आधी मुलं आपापले बैल वाळवायला शाळेच्या ओट्यावर आणून ठेवायची आणि मी विचारायचो, हा कुठल्या गावाहून आला? मुलं आयांची माहेरं सांगायची, फळ्यावर गावं निघायची आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. वाडीत सोयरिकी कुठून कुठून आल्या, दुष्काळात कुणाची आजी कुठून चालत आली, सगळं त्या ओट्यावर उभं असायचं. हा इतिहास कुठल्या पुस्तकात नाही आणि बेंदराच्या दुसऱ्या दिवशी बैलांबरोबर तो तळ्यात विरघळतो.

शर्वरी गेंडचे बैल मला लांबूनही ओळखू यायचे. तिची आई वैजयंता बैलाची मान वळवायची. जोडीतला एक उजवीकडे बघणारा, एक डावीकडे. शेजारी ठेवले की ते एकमेकांकडे बघायचे. "जोडीदार येतोय का, ते बघतोय," वैजयंता सांगायची. एक बैल ती करायची, दुसरा शर्वरी. दोन वर्षांपूर्वी वैजयंता आजारात गेली. मागच्या बेंदराला जोडीतला एक बैल हत्तीसारख्या जाड पायांचा होता. तो शर्वरीच्या वडिलांनी, सुदामने केला होता. पोरं हसली होती. शर्वरीही हसली होती.

मोजा यंदा शाळा उघडली तेव्हा आला. आणणारी गौतमी, माझी जुनी विद्यार्थिनी. पुण्याच्या एका संस्थेत ती असल्या गोष्टींवर काम करते. पहिल्या दिवशी तिने मुलांपुढे ओल्या मातीचा गोळा आणि पत्त्यांचा कॅट ठेवला.

"माती म्हणजे काय?" ती म्हणाली. "फार बारीक, चपट्या कणांचा ढीग. पत्ते उधळून टाकलेत असं समजा. बोटाने दाबलं की हे कण दाबाच्या दिशेला आडवे होतात. माती वाळली, भाजली, की ते तसेच राहतात. म्हणजे प्रत्येक चिमटा कुठून घेतला, किती जोरात घेतला, कशानंतर कुठला घेतला, हे मातीच्या पोटात शिल्लक असतं."

त्यांनी क्ष-किरणांनी तो बैल आतून बघितला होता, केसापेक्षा पातळ थरांत, न कापता. त्याआधी हजारो माणसांनी हाताला संवेदक बांधून संगणकाला माती दाबून दाखवली होती. असं दाबलं तर कण असे वळतात, हे तो त्यातून शिकला होता. आता त्याने उलट जायचं होतं, कणांवरून बोटांकडे. मातीवरच्या ठशांतल्या रेषा दाट होत्या, म्हणजे बोटं लहान. सात-आठ वर्षांचं मूल. आणि मोज्यात होत्या बारीक तारा. वीज मिळाली की त्या आखडायच्या, थांबली की सैल पडायच्या, आणि आपलं बोट त्या मुलाच्या बोटाच्या वाटेने चालायचं.

त्या महिन्यात वर्ग बदलून गेला. इतिहासाच्या तासाला पोटात दुखणारी मुलं सगळ्यात आधी येऊन बसू लागली. मधल्या सुट्टीत पांढरीवर जाऊन उभी राहू लागली. प्रणित एकदा म्हणाला, "सर, स्वप्नात मी आपल्या नदीवर पाणी पीत होतो, पण नदीला पूलच नव्हता. आणि मला त्याचं काही वाटलं नाही." मुलं बोलता बोलता थांबायची आणि त्यांची बोटं नकळत हवेत चिमटा घ्यायची. गौतमीने मोजे घरी न्यायची परवानगी दिली, तेव्हा सगळ्यात जास्त वेळा शर्वरीने नेला.

"एवढा आवडला?" मी विचारलं.

"कुणीतरी हात धरल्यासारखं वाटतं," ती म्हणाली.

बेंदूर जवळ आला आणि मुलं बैल ओट्यावर आणू लागली. मी चष्मा पुसून पाहिलं, मग पुन्हा पुसला.

सगळे बैल सारखे होते.

तेच वशिंड, तेच सरळ पाय, तीच समोर बघणारी मान. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका मुलाचे बैल उभे होते. मुख्याध्यापिका बाई आल्या, फोटो काढून म्हणाल्या, "सर, यंदा किती सुबक झालेत हो सगळे." मी मान डोलावली. फळ्यावर एकही गाव काढता येणार नव्हतं.

कसं झालं ते कळायला फार हुशारी नको होती. हात एकाच वाटेने पुन्हा पुन्हा नेला की मेंदूत ती वाट रुळते. लिहायला, सायकलला, पोहायला आपण असेच शिकतो. मोठ्यांच्या हातात हे सावकाश होतं, मुलांच्या हातात फार लवकर. मोजा रोज एकच वाट चालवत होता, आणि शेजारच्या पायवाटांवर गवत उगवत होतं.

शाळा सुटल्यावर शर्वरी मागे राहिली. ओट्याच्या पायरीवर मातीचा गोळा घेऊन बसली होती.

"सर, मान वळंना."

मी तिच्या शेजारी बसलो. तिने करून दाखवलं. चिमटा, पोटाखालून बोट, पाय, सगळं झरझर. मानेपाशी बोटं आली आणि सरळ पुढे निघून गेली. तिने बैल मोडला, परत केला. परत सरळ.

"कशी वळवायची ते मला माहीत आहे. तोंडाने सांगता येतंय. पण हात ऐकत नाही." दुसऱ्या कुणाचा असावा तसं तिने हाताकडे पाहिलं. "आईचं हेवढंच होतं माझ्याकडं. फोटो आहेत, पण ते बघायचे असतात."

"आजोळी विचारायचं का?"

"आजी नाही आता. मामी बाजारातनं आणती बैल. प्लास्टिकचे."

ऊन ओट्यावरून खाली उतरत होतं आणि सगळ्या बैलांच्या सावल्या एकाच दिशेला लांबत होत्या.

"ह्याच्या आईनं ह्याला सरळ मान शिकवली," ती त्या रांगेकडे बघत म्हणाली. "त्याचं काय चुकलं नाही. पण सर, वशिंड करताना त्याला कोण ओढतं?"

"म्हणजे?"

"अंगठा दाबला की वरनं कुणीतरी ओढतं आणि सोडतं. जरासंच. प्रणितला विचारलं, तो म्हणतो नख असंल. नख नाही ते."

घरी येऊन मी गौतमीला फोन लावला. बैलांबद्दल सांगितलं. 

"मोजे थांबवूया, सर. वापर थांबला की ही वाट हळूहळू बुजेल."

"आणि आधीची परत येईल?"

"ते मला सांगता येणार नाही." मग ती म्हणाली, "मला वाटलं होतं, हातात उतरणं हाच ह्याचा फायदा आहे."

"फायदा आहेच. पण हात रिकामा नव्हता, हे आपल्या लक्षात आलं नाही. बरं, शर्वरी म्हणते वशिंडापाशी कुणीतरी ओढतं."

पलीकडे कळफलकाची टकटक ऐकू आली.

"तिथं गोंधळ होता," गौतमी म्हणाली. "ठशांवर ठसे. एका हाताने तसं होऊच शकत नव्हतं. मोजा एका हाताचा. म्हणून आम्ही तेवढा भाग गाळला. पूर्ण गाळला गेला नसणार."

"गाळलेलं फेकलं नाहीस ना?"

"नाही सर. तुमच्याकडे शिकलेय. काही फेकत नाही."

बेंदराच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, ती आली. ज्यांच्या दारात बैल उरले होते ते त्यांच्या खांद्यांना हळद-तूप चोळत होते आणि सगळ्या वाडीला तो वास होता. सुदाम दरवर्षीप्रमाणे शाळेसाठी तळ्याची चिकणमाती घेऊन आला होता, जेसीबीच्या बकेटमध्ये. माती उतरवून तो दाराशी उभा राहिला, कारण गौतमी बोलत होती.

"ते वशिंड दोन हातांनी झालंय," ती मुलांना सांगत होती. "खालचा अंगठा लहान आहे. त्याच्यावर दुसरा अंगठा आहे, मोठा. तो दाबतो, थोडा ओढतो आणि सोडतो. मग परत. तुम्ही जे शिकलात, तो धडा अर्धाच होता. अर्धा आम्ही पुसला होता."

मुलं आपापल्या अंगठ्यांकडे बघू लागली.

"आई असंल," प्रणित म्हणाला.

"नायतर बाप," मागून कुणीतरी म्हणालं.

"ते मातीला कळत नाही," गौतमी म्हणाली.

तिने दोन मोजे टेबलावर ठेवले, एक लहान, एक मोठा. मोठा कुणी घालायचा म्हणून तिने इकडेतिकडे पाहिलं आणि सगळ्या वर्गाने दाराकडे पाहिलं.

"माझा पंजा ह्यात मावायचा न्हाय, ताई," सुदाम म्हणाला. "जेसीबीला घाला त्यापेक्षा."

"ताणला जातो, दादा. या ना."

लहान मोज्याकडे शर्वरी बघत होती. मी तिला बाजूला घेतलं. "घातलाच पाहिजे असं नाही. अजून एकदा घातलास तर ती वाट आणखी पक्की होईल. आईची आणखी लांब जाईल. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही."

तिने लहान मोजा उचलून उलटापालटा करून पाहिला.

"मला बघायचंय कोण ओढतं ते," ती म्हणाली. "ते कळल्याशिवाय हातातनं जाणारपण नाही."

बाकावर ओल्या मातीचा गोळा ठेवला. शर्वरीने त्यावर हात ठेवला आणि सुदामने, अवघडून, वाकून, तिच्या हातावर आपला. मुलं बाकांवर उभी राहून बघत होती. गौतमीने कळ दाबली.

लहान अंगठा पुढे आला. मोठा अंगठा त्याच्यावर आला, हलकेच. दाबला, ओढला, सोडला. थांबला. लहान अंगठ्याने एकट्याने करून बघितलं. मोठा पुन्हा आला. दाबला, ओढला, सोडला. घाई नव्हती. बाहेर कुणाच्या तरी बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत होती आणि क्षणभर मला कळेना, हा वर्ग नदीच्या कुठल्या काळातल्या काठावर आहे. गोळ्यावर वशिंड उभं राहिलं. शर्वरीच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण तिने हात हलवला नाही.

"एवढंच," गौतमी म्हणाली. "इथे मोठा हात निघून जातो."

मोजे सैल पडले. पण शर्वरीची बोटं थांबली नाहीत. सवयीने पुढे गेली, पोटाखालून, पाय ओढत, मानेपर्यंत. मान सरळ निघाली.

सुदामने अजून हात उचलला नव्हता.

"थांब," तो म्हणाला. "हे काढा आधी." त्याने तिच्या हातातला मोजा सोलून काढला, आपला काढला आणि पुन्हा हात तिच्या हातावर ठेवला. "हितं दाबायचं न्हाय. हितं धरायचं आन् फिरवायचं."

शर्वरीने मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

"माझ्याकडं काय बघतीस? गेल्या बेंदराला तूच शिकवलंवतंस की. तीन बैल मोडले माझे. वरडलीस बी. 'पप्पा, जोर नका लावू, त्याला मागं बघू द्या.'" त्याचा अंगठा तिच्या अंगठ्यावर आला. "माझ्या हातात हे एकच हाय बाबा. दुसरं काय कुणी घातलं न्हाय."

मोठा अंगठा लहान अंगठ्यावर दाबला, हळूच फिरला आणि सुटला. परत दाबला, फिरला, सुटला. मातीची मान वळली. मग त्याने हात काढून घेतला, आणि शर्वरीने ती मान मोडून एकटीने पुन्हा केली. पहिल्यांदा अर्धीच वळली. नंतर वळली.

गौतमी फोनवर चित्रीकरण करत होती, तो फोन तिने केव्हाच खाली ठेवला होता.

मोजे पेटीत गेले. ते वाईट नाहीत. त्यांच्यामुळेच त्या मुलाची आणि त्याच्या मागे वाकलेल्या माणसाची आमची ओळख झाली. आता ट्रंकेतल्या बाकी वस्तूंसारखाच मोजाही एकदा हातात घ्यायचा आणि परत ठेवायचा, असं गौतमीने आणि मी ठरवलं. त्या संध्याकाळी मुलं नवी माती घेऊन आपापल्या आयांपुढे जाऊन बसली. काहींचे हात लवकर वळले, काहींचे नाही. प्रणितचा बैल वशिंडाने तीन हजार वर्षांपूर्वीचा आणि शेपटीने त्याच्या आईच्या माहेरचा झाला. फळ्यावर त्याच्यासाठी मी दोन रेषा काढल्या.

बेंदराच्या दुसऱ्या दिवशी सगळे तळ्यावर गेलो. शर्वरीने आपली जोडी काठावर ठेवली, एक तिचा, एक सुदामचा. ज्वारीच्या दाण्यांचे डोळे एकमेकांकडे लागले होते.

"एक भाजून ठेवायचा का?" गौतमीने तिला विचारलं. "म्हणजे हरवणार नाही."

शर्वरीने थोडा विचार केला.

"मग पुढच्या वर्षी काय करायचं?" ती म्हणाली, आणि दोन्ही बैल पाण्यात सोडले.

काठाजवळ पाणी उथळ होतं, त्यामुळे ते उभेच राहिले. भोवतालचं पाणी हळूहळू पांढुरकं झालं. शिंगं गेली, पाठी उतरल्या, मग वळलेल्या माना एकमेकांकडे झुकत विरघळल्या. मुलं गुडघ्यांवर हात ठेवून वाकून बघत होती. सुदामच्या बैलाचे पाय जाड होते. ते सगळ्यात शेवटपर्यंत उभे राहिले.